बिडीची घोडी

१

दुपारची भांडी आवरली की सत्यशीला पदराला हात पुसत बैठकीच्या खोलीत जायची. बंडलातली एक बिडी काढायची, दोन बोटांत हलकेच फिरवायची, स्वतःच्या ओठांत धरायची आणि काडी ओढायची. दोन झुरके घेतल्याशिवाय बिडी नीट धरत नाही. ती धरली की सासऱ्यांच्या डाव्या हातात द्यायची आणि तशीच मोरीवर जाऊन खळखळून चूळ भरायची. चुळा भरून भरून गाल दुखायचे, पण जिभेच्या मुळाशी जळक्या पानाचा कडवटपणा राहायचा तो राहायचाच. संध्याकाळच्या भाकरीलाही तीच चव.

सासरे म्हणजे आप्पाराव. ते पंचायत समितीचे सभापती होते तेव्हा या बैठकीत पाय ठेवायला जागा नसायची. कुणाची बदली, कुणाची सोयरीक, कुणाच्या वावराची वाटणी, सगळं इथं ठरायचं. आता त्याच खोलीत, सत्काराच्या ढालींनी भरलेल्या काचेच्या कपाटासमोर, त्यांची खाट होती. दोन वर्षांपूर्वी लकवा मारला. अंबाजोगाईला दवाखान्यात ठेवलं, इंजेक्शनं झाली, मालिश झालं, पण उजवी बाजू गेली ती गेलीच. जीभ जड झाली. डावा हात तेवढा उरला आणि तोही थरथरता. डॉक्टरांनी बिडी बंद करायला सांगितली. आप्पांनी गोळ्या बंद केल्या.

सुरुवातीला सत्यशीलेनं गॅसवर बिडी पेटवून आणली होती. आप्पांनी ती तिच्या अंगावर फेकली.

"तोंडानं," ते म्हणाले. वाकडं झालेलं तोंड आणखी वाकडं करून हसले.

तिनं नवऱ्याच्या कानावर घातलं. बद्रीनाथचं युसूफ वडगावात खताबियाणांचं दुकान होतं. जेवताना मोबाईलवरची नजर न काढता तो म्हणाला, "म्हातारं मानूस हाय. काय झिजतंय गं तुझं?"

झिजण्यासारखं काही दिसत नव्हतं खरं. म्हणून ती ओढून देत राहिली.

पुढं थरथरत्या हातातून बिडी दोनदा गादीवर पडली. एकदा कापूस आतल्या आत धुमसत राहिला, एकदा वाकळ जळाली. तेव्हा मात्र बद्रीनाथनं तातडीनं उपाय केला. त्याच्या दुकानाशेजारी सटवाचं वेल्डिंगचं दुकान होतं. सटवानं तळहाताएवढे दोन पत्रे घेतले, वर बारकी बिजागरी लावली आणि मधोमध एक खाच पाडली. उघडून ठेवलं की पत्रे तंबूसारखे उभे राहायचे, बिडी खाचेत बसायची, राख खालच्या दुमडीत पडायची. मिटलं की सगळं सदऱ्याच्या खिशात. "ही घ्या बिडीची घोडी," सटवा म्हणाला होता, आणि घरात तेच नाव पडलं.

घोडी स्टुलावर, स्टूल खाटेच्या डाव्या अंगाला. आप्पांनी झुरका घ्यायचा, बिडी परत खाचेत ठेवायची. आगीची भीती मिटली. बद्रीनाथनं चार लोकांना कौतुकानं दाखवली.

पण सिगारेट ठेवली तरी जळत राहते, बिडीचं तसं नसतं. ओढली नाही की ती विझते. आणि विझली की खोलीतून हाक यायची.

"ए. इझली."

हातातलं पीठ झटकून सत्यशीला जायची. ओठांत धरायची, काडी ओढायची, झुरके घ्यायची, चूळ भरायची. परत येऊन भाकरी थापायला घेतली की पुन्हा हाक. कधीकधी ती दारातून पाहायची. आप्पा हात न लावता खाचेतल्या बिडीकडे बघत पडलेले असायचे. विझायची वाट बघत.

२

संक्रांत होऊन गेली होती. त्या दुपारी सत्यशीला स्वयंपाकघरात गहू निवडत बसली होती. बिडी देऊन बराच वेळ झाला होता आणि हाक आली नव्हती.

आधी तिला बरं वाटलं. मग हात थांबला. म्हाताऱ्याला काही झालं तर नसेल? ती उठली आणि दाराशी गेली.

आप्पा झोपले होते. तोंड उघडं, लाळेचा ओघळ उशीवर. डावा हात पोटावर. बिडी घोडीच्या खाचेत होती आणि पेटलेली होती.

सत्यशीला तिथंच उभी राहिली. पंख्याची हवा लागत असेल, असं तिच्या मनात आलं. तिनं वर पाहिलं. लाईट गेलेली होती, पंखा बंद. खिडकी तिनंच ऊन नको म्हणून लावून घेतली होती. तिनं जिभेनं बोट ओलं केलं आणि घोडीजवळ धरून पाहिलं. वारा असता तर गार लागलं असतं. काहीच लागलं नाही.

निखारा लाल झाला, मंद झाला. पुन्हा लाल झाला. दोन छोटे, घाईचे, मग एक लांब, खोल. मध्ये थोडी उसंत. पुन्हा दोन छोटे आणि एक लांब. कुणीतरी स्टुलापाशी बसून बिडी ओढत असावं आणि त्याला नीट दम पुरत नसावा, तसं. प्रत्येक लांब झुरक्याला बिडी डोळ्यांदेखत कमी होत होती.

आणि धूर नव्हता. तिनं वाकून पाहिलं, डोळे बारीक करून पाहिलं. बिडी जळत होती, राख दुमडीत पडत होती, पण खोलीत धुराची रेघसुद्धा नव्हती.

पान ओलसर असेल. नाहीतर कोरडं असेल. तंबाखू वेगळी असेल, कंपन्या हल्ली काय काय घालतात. तिनं असे पाच-सहा विचार एकापाठोपाठ केले आणि त्यातला एकही पुरा केला नाही. बिडी दोऱ्यापर्यंत जळली, शेवटचा एक ठिपका लुकलुकला आणि गेला.

तेव्हा तिच्या लक्षात आलं की आप्पा जागे आहेत. डोळे टक्क उघडे. ते बिडीकडे बघत होते, मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"मीट," ते म्हणाले. "घोडी मीट."

३

त्या दिवसापासून आप्पांनी बिडी सोडली. सकाळी बद्रीनाथनं बंडल पुढं केलं तर त्यांनी मान फिरवली. पन्नास वर्षं ओढलेला माणूस एका दुपारीत थांबला, याचं घरात केवढं कौतुक. बद्रीनाथनं परळीला बहिणीला फोन लावला, स्पीकर चालू ठेवला. "संगे, आप्पानं सोडली! औषध न्हाई, काय न्हाई, आपसूक!" फोनमध्ये संगीता रडली.

सत्यशीलेची सुटका झाली होती. आता झुरके नाहीत, हाका नाहीत, चुळा नाहीत. घोडी मिटून खिडकीच्या कठड्यावर पडली होती. दोन दिवस तिनं सुखानं भाकरी खाल्ली.

तिसऱ्या दिवशी कोठीतली जुनी लुगडी उन्हात घालताना तिच्या हाती सासूची एक चोळी लागली. लांब बाह्यांची. सारजाबाई भर उन्हाळ्यातसुद्धा मनगटापर्यंत बाह्यांची चोळी घालायची, आणि सत्यशीलेला लग्न झाल्यापासून वाटायचं की सासूला थंडी बाधते. सारजाबाई दम्यानं गेली. शेवटच्या दिवसांत ती ओसरीवर भिंतीला टेकून बसायची आणि तिचा श्वास पार गोठ्यापर्यंत ऐकू यायचा. दोन छोटे, एक लांब. दोन छोटे, एक लांब.

ती गेल्यावर अंघोळ घालायला सत्यशीला होती आणि शेजारच्या भिवराबाई होत्या. चोळी काढली तेव्हा दंडापासून मनगटापर्यंत, दोन्ही हातांवर, बारीक गोल डाग दिसले. काही पांढरे पडलेले, काही अजून तांबूस. सगळे एकाच मापाचे. आप्पाराव तेव्हा बाहेर ओट्यावर मंडळींत बसून बिडी ओढत होते, त्यांचा खोकला आत ऐकू येत होता. भिवराबाईंनी तांब्या भरभर ओतायला सुरुवात केली.

चोळी हातात धरून सत्यशीला दोरीपाशी उभी राहिली. तर ती आलीय, तिला वाटलं. सासू आलीय. भीती वाटायला हवी होती. त्याऐवजी पोटात काहीतरी ऊबदार पसरत गेलं. तिला वैष्णवी आठवली, तिची एकुलती एक लेक. अंबाजोगाईच्या कॉलेजात नर्सिंगला नंबर लागला होता, बॅगसुद्धा भरून झाली होती. आप्पांनी बैठकीत एका संध्याकाळी, चहाचे कप खाली ठेवायच्या आत, आपल्या एका कार्यकर्त्याच्या घरी तिची सोयरीक पक्की केली. "शिकून काय आमचीच ढुंगणं धुनार?" असं म्हणाले होते, आणि सगळी बैठक हसली होती, बद्रीनाथही. वैष्णवी आता आईचा फोन उचलत नव्हती.

दुपारी सत्यशीला बैठकीत गेली. खिडकीतून घोडी घेतली, उघडली, स्टुलावर ठेवली. बंडलातून बिडी काढली.

"नगं," आप्पा म्हणाले.

तिनं काडी ओढली. दोन झुरके घेतले. बिडी खाचेत ठेवली आणि स्टूल थोडं मागं सरकवलं, त्यांचा हात पोचणार नाही इतकं.

"सारजाबाईसाठी हाय," ती म्हणाली, आणि दार ओढून घेऊन बाहेर आली.

४

मग ते रोजचं झालं. दुपारी बिडी पेटवायची, खाचेत ठेवायची, दार ओढायचं आणि ओसरीवर दाराला पाठ लावून तूर नीट करत बसायचं. आतून आधी "नगं, नगं" ऐकू यायचं. मग नुसता खाटेच्या लोखंडाचा आवाज, डावा पाय तेवढा हलत असल्याचा. मग काहीच नाही. ती आत डोकावत नसे. सासूच्या आणि सासऱ्याच्या मध्ये आपण कशाला, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं, आणि ठरवल्यावर बरं वाटलं होतं. थोड्या वेळानं ती आत जायची, राख झाडायची, घोडी मिटायची. आप्पांच्या कपाळावरचा घाम पुसायची. पुसताना तिचा हात हळू चालायचा.

पहिला डाग तिला त्यांच्या उजव्या हातावर दिसला. लुळ्या हातावर, मनगटाच्या थोडा वर. बारीक गोल, मधे पांढरा फोड. स्टूल डाव्या अंगाला होतं. डावा हात तिथवर पोचत नव्हता आणि उजवा तर जागचा हलत नव्हता.

मुंगी चावली असेल, तिनं म्हटलं. डाळीचं गरम पाणी सांडलं असेल. तिनं त्यावर खोबरेल लावलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या शेजारी आणखी एक होता.

तिनं बिडी बंद करायला हवी होती. हे तिला कळत होतं, अगदी स्वच्छ कळत होतं. दुपार झाली की हात आपोआप बंडलाकडे जायचा.

भिवराबाई एकदा ताक मागायला आल्या आणि ओसरीवर टेकल्या. सत्यशीला सुपात तूर पाखडत होती. भिवराबाईंनी तिच्या छातीकडे पाहिलं.

"दम लागायलाय का गं तुला?"

"न्हाई की मावशी."

"न्हाई कसं? आवाज येतोय छातीतून. सारजाबाईला बी असंच सुरू झालतं. ती बी त्याला बिडी ओढून द्यायची, लई वरसं. जा, दवाखान्यात दाखीव."

सत्यशीला हसली. सूप खाली ठेवलं. त्यानंतर भिवराबाई काहीबाही बोलत राहिल्या, पण तिला नीट ऐकू येईना. आत, दाराच्या पलीकडे, खाटेचं लोखंड थडथडत होतं.

५

रविवारी संगीता परळीहून आली. ती आप्पांची धाकटी, लाडकी. नवरा तिकडं व्यापारात. येताना तिनं सफरचंदं आणली होती, आणि आल्या आल्या खोलीत जाऊन वडिलांचं अंग पुसायला घेतलं.

खोलीतून तिची किंकाळी आली.

सत्यशीला धावली, पाठोपाठ बद्रीनाथ. संगीतानं सदऱ्याची बाही खांद्यापर्यंत वर केली होती. उजव्या हातावर दंडापासून मनगटापर्यंत डागच डाग होते. काही खपलीचे, काही ओले. इतके कधी झाले ते सत्यशीलेलाही माहीत नव्हतं. ती रोज एक-दोनच पाहत होती.

"हे काय हाय वैनी?"

सत्यशीलेची नजर घोडीकडे गेली.

"मी काय विचारतेय? आप्पानं बिडी सोडली म्हनता ना? मंग ही राख कशाची?" संगीतानं घोडी उचलली, आपटली. "आमच्या परळीला खिडकी पुसली की राख निघती, पर ती थर्मलच्या चिमणीची. हिथं कोन जाळतंय रोज? लुळ्या मानसाला चटके देतीस?"

"मी न्हाई दिले."

बद्रीनाथनं तिच्या कानाखाली मारली. आवाज मोठा झाला, ढालींच्या कपाटाची काच थरथरली. त्यानं आजवर हात उचलला नव्हता. उचलायची वेळ आली नव्हती.

"खरं बोल. कुनी केलं?"

"आप्पाला विचारा," सत्यशीला म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. "त्यांला म्हाईत हाय."

तिघंही खाटेकडे वळले. संगीता खाली बसली, वडिलांचा चांगला हात हातात घेतला. "आप्पा, मी हाय ना. भिऊ नका. कुनी केलं हे?"

आप्पांची नजर संगीतावरून बद्रीनाथवर गेली, मग सत्यशीलेवर आली आणि तिथं थांबली. ओठ हलले.

"सारजा," ते म्हणाले.

संगीता हुंदका देऊन रडायला लागली. बद्रीनाथ भिंतीला टेकला. डोक्यावर परिणाम झाला म्हाताऱ्याच्या, तो पुटपुटला, डॉक्टर म्हणलेच होते. मग त्यानं बायकोकडे पाहिलं नाही.

गालावर पाच बोटं उमटलेली असताना सत्यशीलेला हलकं वाटलं. म्हणजे सासूच. म्हणजे आपण नुसती बिडी ठेवली. देवापुढं उदबत्ती लावावी तशी.

"मी ऱ्हाते चार दिवस," संगीता डोळे पुसत म्हणाली. "आन् जाताना आप्पाला घेऊन जाते. आता मरूस्तोवर माझ्यापाशीच. वैनी, तू या खोलीत पाय ठेवायचा न्हाई."

६

संगीता राहिली तेवढे दिवस काहीच झालं नाही. घोडी तिनं मिटून ढालींच्या कपाटावर टाकली होती. डागांवर खपल्या धरल्या. आप्पा दोन घास जास्त खाऊ लागले. एकदा तर त्यांच्या हसण्याचा आवाज आला, तो जुना, खरखरीत, बैठकीतला आवाज, आणि सत्यशीलेच्या हातातली पळी कढईत पडली.

निघायच्या दिवशी सकाळी बद्रीनाथ गाडी बघायला वडगावला गेला. संगीता टॉवेल घेऊन न्हाणीत शिरली. "गाडी येईस्तोवर आंगुळ उरकते," ती म्हणाली. बादलीत पाणी पडू लागलं.

सत्यशीला स्वयंपाकघरात उभी होती. तिला नुसतं उभं राहायचं होतं. दुपारपर्यंत खोली रिकामी झाली असती. बिडी नाही, म्हातारा नाही, घर तिचं. एवढंच करायचं होतं की काही करायचं नव्हतं.

पण तो तिकडं लेकीच्या हातचं सफरचंद खाणार. परळीला, चादरी बदललेल्या खाटेवर, हसणार. सारजाबाई तिथं कशी जाईल?

ती बैठकीत गेली. आप्पांना नवा सदरा घातला होता, छातीवर पातळ शाल. तिला पाहून त्यांनी डोळे मिटून घेतले. तिनं कपाटावरून घोडी काढली, उघडली. बंडल उशीखालीच होतं. काडी, दोन झुरके. खाचेत. या वेळी ती बाहेर गेली नाही. उंबऱ्यावर बसली. सासू कशी येते ते एकदा बघायचंच होतं.

खिडकीच्या फटीतून उन्हाची एक पट्टी खोलीभर आडवी पडली होती. निखारा करडा झाला आणि मग लाल झाला. दोन छोटे, एक लांब. आप्पांनी डोळे उघडले.

न्हाणीतून पाण्याचा आवाज येत होता. शेजारी कुणीतरी मिरचीची फोडणी दिली होती. ठसका आला आणि सत्यशीला खोकली. निखारा उडाला. ती पुन्हा खोकली, तीनदा, लागोपाठ. निखारा तीनदा, लागोपाठ, धक्के खाल्ल्यासारखा भडकला आणि त्यातून ठिणग्या पडल्या.

खोकला थांबला. निखारा थांबला.

योगायोग. असं होतं कधीकधी. तिनं ओठ घट्ट मिटले आणि श्वास आवरला. निखाऱ्यावर राखेची साय धरत गेली. करडी, आणखी करडी. विझली, तिला वाटलं. छातीत कळ येईपर्यंत ती थांबली आणि मग नाकानं थोडा, अगदी थोडा श्वास घेतला. राखेखाली लाल रेघ उमटली.

तिनं आप्पांकडे पाहिलं. ते बिडीकडे बघत नव्हते. ते तिच्या तोंडाकडे बघत होते. तिची छाती वर आली की त्यांचे डोळे आकसत होते, खाली गेली की सैल पडत होते. त्या नजरेत नवल नव्हतं. पहिल्या दुपारपासून ते असेच बघत आले होते.

"तुमाला म्हाईत होतं?" ती म्हणाली.

शब्दांबरोबर तिच्या तोंडातून निळसर धूर निघाला. उन्हाच्या पट्टीत तो स्वच्छ दिसला. वळत, पसरत, वर गेला.

आप्पांनी मान डोलावली.

"मंग कावून सारजाबाईचं नाव घेतलं?"

ओठ हलायला वेळ लागला. "भ्या," ते म्हणाले. "तुजं. भ्या वाटलं."

मग त्यांनी सगळा जीव डाव्या हातात आणला आणि हात फेकला. तिच्या लक्षात आलं की आज स्टूल मागं सरकवायचं राहिलं. घोडी उडाली, जमिनीवर खणखणली. बिडी शालीवर पडली, छातीच्या उजव्या बाजूला, हनुवटीपासून वीतभर. डावा हात खाटेखाली लोंबत राहिला. तो वर उचलून द्यायला नेहमी कुणीतरी लागायचं.

सत्यशीलेनं श्वास रोखला.

बिडी करडी होऊन पडून राहिली. शालीवर अजून डागही नव्हता. उंबऱ्यापासून खाट किती लांब होती? उठायचं, चिमटीत धरायची, फेकायची. तिनं हे शेकडो वेळा केलं होतं. पाय जमिनीवर होते, गुडघे चांगले होते. ती उठली नाही.

"पोरी," आप्पा म्हणाले. या घरात आल्यापासून त्यांनी तिला कधी पोरी म्हटलं नव्हतं. "नगं घेऊ."

तिचे कान गच्च झाले. गळ्यातल्या शिरा ठणकू लागल्या. डोळ्यांपुढं काळे ठिपके आले आणि त्या ठिपक्यांमधून म्हाताऱ्याचं ओलं, वाकडं तोंड दिसत राहिलं. मग छाती आपली आपण उघडली आणि हवा आत घुसली. शालीवर लाल फूल उमललं. त्याच्याभोवती काळी कड धावत गेली. जळक्या लोकरीचा वास आला, आणि पाठोपाठ तिच्या जिभेच्या मुळाशी ती चव.

न्हाणीतलं पाणी थांबलं.

"वैनी?" संगीता आतून ओरडली. "कशाचा वास येतोय गं?"

"काय न्हाई ताई," सत्यशीला म्हणाली. आवाज नेहमीचा होता. "दूध उतू गेलं. तुमी करा सावकाश."

पाणी पुन्हा पडू लागलं. आप्पांचं तोंड उघडलेलं होतं, पण त्यातून आवाज येत नव्हता. शालीवरचा निखारा मंद होत चालला होता. राख धरत होती. आणखी जरा थांबलं असतं तर विझलाच असता.

पहिला श्वास छातीनं घेतला होता, तो तिच्या हातात नव्हता. दुसरा तिनं घेतला. डोळे मिटून, सावकाश, पार पोटापर्यंत.